गोधडी आणि भेसळ



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी पंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटातली पुस्तके आणि सार्वजनिक वाचनालयातली फाटकी मासिके यांच्या जोरावर. त्यामुळे चालकांनी ‘कलेतील आणि संस्कृतीतील सारसंग्रह’ हा विषय माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी विचारले की, कारखान्याच्या फाटकाशी भाषणे करणाऱ्या माणसाला हा विषय कशासाठी? ते म्हणाले, तुमच्या सभेला कोकणातला माणूस येतो, घाटावरचा येतो, मराठवाड्यातला येतो, उत्तर प्रदेशातलाही येतो. त्या सर्वांना आपले वाटेल असे गाणे तुम्ही कुठून आणता, तेवढे सांगा. एवढे मला सांगता येईल असे वाटले, म्हणून उभा राहिलो आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीत ज्याला ‘एक्लेक्टिसिझम’ म्हणतात त्याला आपले कोशकार सारसंग्रहवाद म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे : वेचून घेणे. जुन्या ग्रीक जगात प्लेटोचा एक पंथ, ॲरिस्टॉटलचा दुसरा, स्टोइकांचा तिसरा, अशी विचारांची दुकाने शेजारीशेजारी मांडलेली होती. काही माणसे कोणाचीच दीक्षा न घेता प्रत्येकातले पटेल तेवढे उचलू लागली. अलेक्झांड्रियाच्या पोटॅमोने तर अशा वेचणाऱ्यांचाच एक पंथ काढला, असे जुना चरित्रकार डायोजिनीस लेर्शियस सांगतो. पंथ न मानणाऱ्यांचाही शेवटी पंथ होतो. हा अनुभव आपल्याकडेही काही नवा नाही. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरो याने आपल्या ज्ञानकोशात या शब्दावर लांबलचक लेख लिहिला आणि त्यात वेचणाऱ्याचा गौरव केला. रूढी, जुनेपणा, दहाजणांची मान्यता यांपैकी कशाचीही भीड न धरता जो स्वतः पारखून घेतो, तो हा माणूस, असा त्याचा भाव होता.

हा झाला सन्मानाचा अर्थ. आमच्या चळवळीत मात्र हा शब्द शिवी होऊन आला. आणि गंमत अशी की तो कामगार संघटनांच्या चर्चेतूनच आला. १९२० सालच्या अखेरीस रशियात मोठा वाद माजला होता. क्रांती झाली, कारखाने सरकारचे झाले, आता कामगार संघटनेने करायचे काय? ट्रॉट्स्कीचे म्हणणे, संघटनांनी उत्पादनाच्या कारभारातच सामील व्हावे. लेनिनचे म्हणणे, संघटना ही कामगारांची शाळा आहे. बुखारिन मध्ये पडला आणि म्हणाला, दोघांचेही खरे; ती शाळाही आहे आणि कारभाराचे अंगही आहे. त्यासाठी त्याने व्यासपीठावरच्या पेल्याचा दाखला दिला. एकजण म्हणतो हे काचेचे नळकांडे आहे, दुसरा म्हणतो हे पाणी पिण्याचे भांडे आहे. दोघेही बरोबरच की!

१९२१च्या जानेवारीत लेनिनने एक पुस्तिका लिहून याला उत्तर दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ‘हेही खरे आणि तेही खरे’ एवढ्यावर थांबणे हा नुसता सारसंग्रह झाला. पेल्याला दोनच बाजू कशाला? तो फेकून मारता येतो, कागदांवर वजन म्हणून ठेवता येतो, पकडलेले फुलपाखरू त्याखाली झाकता येते. प्रश्न असा की तुम्हाला तो कशाला हवा आहे? पाणी प्यायचे असेल तर त्याचा आकार अगदी नळकांड्यासारखा आहे की नाही याला महत्त्व नाही. पण बुडाला भोक नको आणि कडेने ओठ कापता कामा नये. कागदच दाबायचे असतील तर फुटक्या बुडाचाही चालेल.

लेनिनचे राजकारण कोणाला पटो वा न पटो. त्या देशात कामगार संघटनांच्या वाट्याला पुढे काय आले ते इतिहासाने नोंदवून ठेवले आहे आणि ते सुखाचे नाही. पण ही पेल्याची गोष्ट मला कलेच्या चर्चेत फार उपयोगी पडली. चार ठिकाणांहून वेचून आणले की ते वाईटच, असे म्हणणारे शुद्धतावादी असतात. चार ठिकाणांहून आणले की ते आपोआप उदार आणि सुंदर, असे म्हणणारेही हल्ली पुष्कळ झाले आहेत. हे दोघेही वस्तूचे काम विचारत नाहीत, ती कुठून आली तेवढेच विचारतात.

आपल्या आयाबायांना हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गोधडीत जुन्या लुगड्याचा पट्टा असतो, धोतराचा धडपा असतो, पोराच्या अंगड्याचा तुकडा असतो. तिच्या ठिगळांना कोणी नावे ठेवत नाही, कारण ती थंडीसाठी शिवलेली असते आणि धावदोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच असतो. मिरची पुडीत विटेची भुकटी घालणाराही मिसळतोच. पण त्याला आपण भेसळ म्हणतो. तेथे मिसळ झाकून ठेवलेली असते, आणि तिचा फायदा खाणाऱ्याला नसून विकणाऱ्याला असतो. आज मला जे बोलायचे आहे ते या दोन शब्दांच्या मधले आहे.

आता आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. मराठी नाटकाइतकी उत्तम गोधडी दुसरी नाही. १८४२च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना सांगितले की असेच मराठीत करा. १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झाले. आता भाव्यांनी काय घेतले आणि काय सोडले ते पाहण्यासारखे आहे. मंगलाचरणाला येणारा गणपती, मोरावर बसून येणारी सरस्वती, विदूषक, राक्षसांची आरडाओरड, हे सारे त्यांनी तिकडचे घेतले. पण कथा सांगण्याची रीत आपल्या कीर्तनातून उचलली. सूत्रधार उभा राहून पदे म्हणणार आणि पात्रे वेळेवर सुचेल ते बोलणार. का? कारण सांगलीचा प्रेक्षक कीर्तनाला बसून तयार झालेला होता. आख्यान कसे ऐकायचे ते त्याला ठाऊक होते. परकी वस्तू त्याच्या ओळखीच्या ओसरीवर आणून ठेवली, म्हणून ती त्याने लगेच आत घेतली.

सदतीस वर्षांनी अण्णासाहेब किर्लोस्कर आले. हा गृहस्थ गुर्लहोसूरचा, म्हणजे कानडी मुलखातला. घरात मराठी, दारात कानडी. पुण्यात पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली असे सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. मूळ कथा कालिदासाची, कल्पना पारशी रंगभूमीची. आणि चाली पाहाव्यात तर कीर्तनातल्या, लावणीच्या वळणाच्या, बायकांच्या गाण्यांतल्या, कर्नाटकातल्या, हिंदुस्थानी रागांतल्या. कागदावर हा हिशेब मांडला तर कोणीही म्हणेल की हे बाजारातले कडबोळे आहे. पण किर्लोस्करांना या सर्वांकडून एकच काम करून घ्यायचे होते. सूत्रधाराने पात्राच्या वतीने गायचे, ही जुनी रीत त्यांना मोडायची होती. शकुंतलेचे दुःख शकुंतलेने गावे, दुष्यंताचे दुष्यंताने. म्हणून ज्या चालीत ते दुःख बसेल ती चाल त्यांनी घेतली, मग ती देवळातली असो की फडातली. पारशी रंगभूमीचा झगमगाट त्यांना त्या कामासाठी नको होता. तो त्यांनी तिथेच ठेवला.

आणि याच नाटकाच्या पुढच्या इतिहासात पेला फुटलाही. गाणे लोकप्रिय झाले, गाणारे नट देवासारखे झाले, ‘वन्समोअर’ सुरू झाले. नायिका शोकाने व्याकूळ झालेली आहे, आणि तिच्याकडून तेच पद तीनतीनदा गाऊन घेतले जात आहे! नाटक थांबले, मैफल सुरू झाली. मैफल वाईट होती असे नाही. ती अवीट होती असे ऐकणारे सांगत. पण ज्या कामासाठी ते मिश्रण झाले होते ते काम मागे पडले, आणि १९३०नंतर बोलपट आला तेव्हा या डोलाऱ्याला सावरून धरणारे फारसे काही उरले नव्हते.

त्याच किर्लोस्कर मंडळीत लहानपणी काम केलेल्या एका मुलाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ते भास्करबुवा बखले. आवाज फुटला, नाटकातले गाणे गेले. मग हा मुलगा गाणे शिकायला निघाला. बडोद्यास फैज महंमद खाँ, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, आणि त्यानंतर अल्लादिया खाँ. घराण्यांच्या त्या काळात एका गुरूचा गंडा बांधल्यावर दुसऱ्याच्या दारी जाणे म्हणजे जवळजवळ धर्मांतरच. बुवांनी ते केले, पण उघडपणे, सेवा करून, आणि प्रत्येक ठिकाणी वर्षे घालवून. एका रागात थोडे इथले, थोडे तिथले, असे शिंपडणे निराळे, आणि तीन घरचे अन्न पचवून एक अंग तयार होणे निराळे. गाण्यातला जाणकार मी नाही. पण एवढे मला दिसते की त्यांच्या हाताखालून बालगंधर्व निघाले, मास्तर कृष्णराव निघाले, गोविंदराव टेंबे निघाले, आणि यांतला एक दुसऱ्यासारखा नाही. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या त्या बुवांनीच. खाँसाहेबांकडे मिळवलेले धन त्यांनी अशा रीतीने चार आणे तिकिटाच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवले.

गोविंदराव टेंब्यांचे नाव आले म्हणजे पेटी आली. माझ्या मते वेचण्याचे सगळे गुणदोष जिच्यात एकत्र पाहावेत अशी वस्तू म्हणजे ही पेटी. तिचा जन्म युरोपातला. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४०च्या सुमारास ती नावारूपाला आणली. ती होती खुर्चीवर बसून, पायाने भाता हलवून वाजवायची. आपण जमिनीवर बसणारे लोक. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी भाता मागे नेला, तो डाव्या हाताने हलवता येईल असा केला, आणि पेटी मांडीपुढे आणून ठेवली. पुढे तिच्यात षड्ज धरून ठेवण्याची सोय झाली, कारण आपले गाणे एका सुराच्या आधाराने चालते. आपण पेटी घेतली ती जशीच्या तशी घेतली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तरी तिच्यावरचा आक्षेप खोटा नव्हता. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढता येत नाही, आणि सुरांमधल्या बारीक श्रुती तिच्या सूरपट्टीत बसत नाहीत. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांनाही ती नको होती. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली आणि ती १९७१पर्यंत टिकली. तीस वर्षे सरकारी नभोवाणीवर पेटी अस्पृश्य होती, आणि त्याच तीस वर्षांत परळ-लालबागच्या चाळीचाळींतून ती वाजत होती!

ती तेथे का गेली याचा विचार शुद्धतावाद्यांनी कधी केला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी गड्यांची बिऱ्हाडे. शनिवारी रात्री भजनाला बसायचे. सारंगी लावायला अर्धा तास, ती शिकायला अर्धे आयुष्य, आणि पावसाळ्यात तिच्या तारा उतरणार. पेटीला लावणे नाही. दिवसभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची बोटे जाड झालेली असतात. त्या बोटांनाही ती दाद देते. एक पेटी वर्गणीत येते, बिघडली तर कोपऱ्यावरचा कारागीर भाता चिकटवून देतो. एकट्याला गात गात वाजवता येते. माझ्या वडिलांच्या खोलीतल्या पेटीचे दोन सूर मुके होते, आणि ते दोन सूर टाळून गाणारे बुवाही होते. कोकणातले भजन, देशावरचा अभंग, उत्तरेकडच्या गड्यांचे कीर्तन, हे सर्व त्या एका खोक्यावर निघत असे. मींड नव्हती हे खरे. ती जेथे हवी होती तेथे पेटीने नुकसान केले हेही खरे. ख्यालाच्या मैफलीत ती आज मानाने बसते, पण तिच्यावरचा आक्षेप संपला आहे असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या माणसाला दिसते, ती संगीताच्या पुस्तकांत सहसा नसते. पेटी आली तसा सारंगिया बसला. त्याच्या जाण्याला दुसरीही कारणे होती; कोठ्यावरच्या गाण्याशी त्याचे नाव जोडलेले होते आणि प्रतिष्ठित समाजाला ते नको झाले होते. पण गाणारी बाई मैफलीत आली आणि साथीदार बाहेर राहिला, हे खरेच. नवी वस्तू उचलताना जुन्या वस्तूच्या मागचा माणूस कोठे गेला, हे विचारायला पाहिजे. गिरणीत नवे यंत्र आले की आम्ही हेच विचारतो.

आता कामगारांच्या रंगभूमीकडे येतो, कारण मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. तमाशाचा साचा आपणा सर्वांस माहीत आहे : आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. सत्यशोधकांनी जलसे काढले तेव्हा हा साचा घेतला आणि गणातला गणपती काढून तेथे निर्मिकाला वंदन ठेवले. पुढे आंबेडकरी जलशांनी, भीमराव कर्डकांसारख्यांनी, तेच हत्यार आपल्या कामाला लावले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांच्यामागे ही पायवाट होती.

अण्णाभाऊ वाटेगावचे, मातंग समाजात जन्मलेले. तमाशा त्यांच्या रक्तातला. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईला चालत आले, गिरणीत राबले, पाट्या वाचत अक्षरे शिकले, आणि पुढे गॉर्कीपर्यंत वाचत गेले. त्यांनी तमाशातून काय घेतले? गण ठेवला, पण त्यात मायभूमीला आणि राबणाऱ्या हातांना मुजरा केला. कृष्ण-पेंद्याची गवळण सोडली. त्यांच्या कामाला ती नको होती. सोंगाड्या मात्र ठेवला, आणि ठेवला एवढेच नव्हे तर त्याला मोठा केला. याचे कारण उघड आहे. तमाशात राजाला उलट प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाला असेल तर तो सोंगाड्याला. सावकारापुढे, मालकापुढे, मंत्र्यापुढे जे शेतकऱ्याला बोलता येत नाही ते सोंगाड्या हसतहसत बोलतो. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला. गडकोटांच्या पराक्रमासाठी घडलेला छंद त्यांनी व्होल्गेच्या काठावर नेला, आणि ज्याने नकाशावर रशिया कधी पाहिला नाही त्या गिरणी कामगाराला ती लढाई कळली. कोकण्याला पोवाडा कळत होता, घाट्यालाही कळत होता. आम्ही गाणे कोठून आणतो, असे चालकांनी विचारले होते. समोर बसलेल्या माणसाच्या कानात आधीपासून जे आहे तेथून आणतो, आणि त्यात त्याने अजून न ऐकलेली गोष्ट भरतो.

आता उलट बाजू. वेचणाऱ्याच्या हातात सत्ता असली म्हणजे वेचण्याचा अर्थ पालटतो. मुंबईत जॉर्ज विटेट या इंग्रज वास्तुकाराने म्युझियम बांधले. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला, आणि मधल्या दालनात नाशिकच्या एका वाड्याचे लाकडी खांब आणून बसवले. गेटवे ऑफ इंडियाला त्याने सोळाव्या शतकातल्या गुजराती इमारतींचे वळण दिले. ती कमान १९२४ साली पुरी झाली. इमारती देखण्या आहेत, मी नाकारीत नाही. आमचे गवंडी, पाथरवट त्यांत राबले आहेत. पण ते वेचणे राज्यकर्त्याचे होते. आम्ही येथलेच आहोत, असे दिसावे, हे त्या घुमटाचे काम होते. ते काम फार दिवस चालले नाही. १९४८च्या फेब्रुवारीत गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी त्याच कमानीखालून बोटीवर चढली. त्या कमानीखाली आता भेळ खाणारी माणसे असतात. तिला दुसरे काम मिळाले, आणि ते पहिल्यापेक्षा बरे आहे.

गिरणीच्या धुराड्याला मात्र तसे काम मिळालेले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे त्यात होती. मी तेव्हा शाळकरी पोर होतो आणि वडील साचेखात्यात होते. पुढे गिरण्या गेल्या, जमिनी विकल्या गेल्या. आज लोअर परळला एका मॉलच्या आवारात जुने धुराडे जपून ठेवलेले दिसते. जवळपासच्या खानावळींत उघड्या विटांच्या भिंती, लोखंडी चाके, जुन्या दिव्यांच्या टोप्या अशी सजावट असते. काही जाणती माणसे मला म्हणतात, पाहा, जुन्यानव्याचा किती छान मेळ! मी त्यांना पेल्याची गोष्ट सांगतो. येथे पेल्याचे बूड गेलेले आहे आणि त्याने कागद दाबले आहेत. धुराडे घेतले आणि धूर गिळणारा माणूस सोडला, ही निवड नजरचुकीने झालेली नाही. धुराडे भाडे वाढवते. माणूस देणी मागतो.

ऋणाची ही बाब हिंदी सिनेमाच्या संगीतातही आहे. त्या संगीताला जगात तोड नाही, आणि ते मिश्रणातूनच झाले. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईला आले. संगीतकार पेटीवर चाल देई; ती व्हायोलिनच्या ताफ्याला, ट्रंपेटला, सॅक्सोफोनला वाटून देण्याचे काम या मंडळींचे. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा, सी. रामचंद्र यांच्याकडे चिक चॉकलेट. ‘अलबेला’त, १९५१ साली, तो आपला ताफा घेऊन पडद्यावरही आला. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव बहुतेकांना १९७७च्या एका चित्रपटातल्या पात्राचे म्हणून माहीत आहे. ते माजोर्ड्याचे खरोखरीचे व्हायोलिनवादक आणि प्यारेलाल यांचे गुरू होते. शिष्याने गुरूचे नाव अमर केले, हे चांगलेच झाले. पण शेकडो चित्रपटांच्या श्रेयनामावलीत या लोकांना ओळ मिळाली नाही. मिरची पुडीत काय मिसळले ते पुडीवर लिहिलेले नसते, तसे.

आता शेवटी एक ताजी बाब सांगतो. आमच्या संघटनेत कंत्राटी सफाई कामगार आहेत. त्यांची मुले रॅप म्हणतात. गेल्या मे दिनाच्या कार्यक्रमात ते ठेवायचे की नाही यावर आमच्या समितीत खडाजंगी झाली. जुने सोबती म्हणाले, हे अमेरिकेतले खूळ. आपल्याकडे पोवाडा नाही का? मी त्यांना सांगितले की रॅप १९७०नंतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मले, तेही गरीब काळ्या आणि कॅरिबियन वस्तीत. तेव्हा ते परके असले तरी मालकाच्या घरचे नाही. पण खरा मुद्दा तो नव्हता. खरा मुद्दा असा की पगारपत्रकातली कपात कामगाराला समजावून द्यायची होती : भविष्य निर्वाह निधीचे किती कापले, कोठे भरले, राज्य विम्याचे कार्ड कोठे आहे. आकड्यांची ही यादी चालीत बसेना. मुलांनी ती ठेक्यावर बोलून दाखवली, आणि बायकांना ती पाठ झाली. पोवाड्यातही मधे गद्य असते. तीच जागा त्यांनी मोठी केली, असे मी म्हटल्यावर जुने सोबती थोडे नरमले.

मग वाद्याचा प्रश्न. मुले मोबाईलवरचा यांत्रिक ठेका घेणार होती. फाटकावरच्या सभेला वीज कोण देणार? म्हणून हलगी घेतली. हलगीवाला लातूरकडचा तरुण, रात्रपाळीला झाडू मारतो आणि लग्नसराईत वरातीपुढे वाजवतो. त्याने मानधन विचारले. एकजण म्हणाला, चळवळीत कसले मानधन? यावर दोन तास गेले. कवीला नारळ आणि शाल, वक्त्याला गाडीभाडे, आणि हलगीवाल्याला चळवळ, असा हिशेब मला मान्य नव्हता. अखेर वरातीत मिळते तेवढे त्याला द्यायचे ठरले आणि पत्रकावर त्याचे नाव गाणाऱ्या मुलांच्या ओळीत, त्याच टायपात छापले. तेव्हापासून तो आमच्या प्रत्येक सभेचे पत्रक जपून ठेवतो.

ती मुले आणि तो हलगीवाला आज माझ्याबरोबर आले आहेत. चालकांनी त्यांना दहा मिनिटे दिली आहेत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते, नाहीतर ती बोलत नाही. मागच्या अंगणात त्यांनी काटक्या पेटवल्या आहेत. ती तापेपर्यंतचा वेळ मी घेतला.